स्लिपमधून मिडऑफला

२३ सप्टेंबर २००७

प्रिय ऋजुता,

दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. फोनवर तू लगेच "अक्षराला देते" म्हणतेस आणि लेकीशी बोलण्यात तुझ्याशी बोलायचं राहून जातं. काल आमचा सीझन संपला. मी कॅप्टनशिप सोडली, खेळणंही. निरोपाच्या जेवणात कौंटीचे चेअरमन म्हणाले, "यतीनला कुठेही उभं करा, तो खेळतो." सगळे उठून टाळ्या वाजवत होते आणि मी टेबलक्लॉथकडे बघत बसलो होतो.

सुरुवातीला ते खरं होतं. सांगलीहून इंग्लंडला आलो तेव्हा ओपनिंग केली, मीडियम पेस टाकला, कीपरचं बोट मोडलं तर दोन मॅचेस ग्लोव्ह्ज घातले. तू स्वेटरवर स्वेटर चढवून बाउंड्रीला बसायचीस. पण २००३ मध्ये स्लिपमध्ये एक कॅच मला दिसलाच नाही. बॉल कानाजवळून गेला हे आवाजावरून कळलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःला बॅट्समनपासून लांब, मिडऑफला लावलं. कॅप्टनला कोण विचारणार? मग ढगाळ हवेत नवा बॉल नको म्हणून सहाव्या नंबरवर गेलो, "तरुणांना संधी" असं सांगून. पेपरात आलं, निःस्वार्थी कर्णधार. ते कात्रण तू फ्रिजवर लावलं होतंस.

तुझी नोकरी मिल्टन कीन्सला, माझं मैदान इथे. संध्याकाळी घरी यायचं मी टाळत गेलो, कारण अंधार पडला की राउंडअबाउटवर समोरचे दिवे दिसायचे, रस्ता दिसायचा नाही. गाडी कठड्याला घासली, तेव्हा पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकली असं तुला सांगितलं. अक्षराच्या नाटकाला आलो नाही, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "तुला यायचंच नसतं, यतीन. निदान तसं सांग तरी." डोळ्यांचं कळलं असतं तर कॅप्टनशिप गेली असती, आणि ती गेल्यावर मी कोण, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून तू मला बेफिकीर समजलीस, ते मी चालू दिलं.

आता या फ्लॅटमध्ये पाचलाच सगळे दिवे लावून बसतो. टीममधली मुलं आपापल्या घरी गेली. माणसाचा आवाज असावा म्हणून रेडिओ चालू ठेवतो.

ऑगस्टअखेर हॉस्पिटलला गेलो. रेटिनाचा आजार आहे. आधी अंधारातली नजर जाते, मग कडेची, उपाय नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मला माझे बाबा आठवले. दिवेलागणीनंतर ते घराबाहेर पडत नसत आणि आम्ही भावंडं त्यांना घरकोंबडा म्हणून हसायचो. मग डॉक्टरांनी विचारलं, मुलं किती?

ऋजुता, अक्षराला हा आजार असण्याची शक्यता निम्मी आहे. दोन आठवड्यांपूर्वी ती आली होती, तेव्हा सिनेमाच्या अंधारात तिने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, बाबाला सांभाळतेय. आता तसं वाटत नाही. हे कळूनही सीझन संपेपर्यंत मी गप्प बसलो, त्याबद्दल माफी मागायचीही मला लाज वाटते. तिच्या तपासणीसाठी मंगळवार, नऊ ऑक्टोबर, सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे. पत्ता सोबत आहे. मी ट्रेनने येईन. तू नको म्हणालीस तर बाहेर बसेन. पण बाबाला हे केव्हापासून माहीत होतं, असं तिने विचारलं, तर उत्तर तू देऊ नकोस. मला आत बोलाव.

अजूनही तुझाच,
यतीन