भाचीच्या गाण्यांपायी केलेलं मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा सोफे आणि खुर्च्यांना गाद्या बसवण्याचा, लग्न केलेलं नाही, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं आहे. धाकट्या भावाला त्याबद्दल अजून शंका आहे, पण तो डॉक्टर नाही. एरवी मला मरायची घाई नव्हती. पण घरात सोळा वर्षांची भाची आणि तिचा बाप, म्हणजे हाच भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत, पोरीला हॉस्टेलवर धाडायचं घाटतंय, म्हणून लिहायला बसले.

कलम १. घर वडिलांनी माझ्या नावावर केलेलं आहे. खाली कारखाना, वर राहती जागा. वरचा मजला भाऊ आणि भावजय यांना समाईक, कलम सातमधल्या अटीवर. दोघांनी आधी सगळं वाचावं, मग रागवावं.

कलम २. बँकेतली ठेव भावजयीला, तिच्या एकटीच्या नावावर. तिला पैसे कशाला हवेत, असं भावाने विचारू नये.

कलम ३. हातोड्या, वाकड्या सुया, पट्टे ताणायची फळी हे सगळं माझ्या जुन्या कारागिराला. मोठी कात्रीही त्यालाच, पण तिने कागद कापलेला मला वरून दिसला तर त्याची खैर नाही. शिलाई मशीन भाचीला. ती म्हणेल, मला शिवता येत नाही. मलाही येत नव्हतं.

कलम ४. चौकातल्या हॉलवाल्याला माझ्याकडून काही नाही. बाईच्या हातची शिवण टिकत नाही, असं तो गावभर सांगत फिरला. त्याच्या खुर्च्यांना मी बसवलेल्या गाद्या अजून त्याच आहेत, बसणारे म्हातारे झाले.

कलम ५. भाचीचा छोटा स्पीकर भावाने काढून घेऊन कपाटावर ठेवला आहे. तो माझा नसल्यामुळे मला कोणाला देता येत नाही. तसाच तो भावालाही ठेवून घेता येत नाही, हे इथे नोंदवते.

भांडण असं. पोरगी रॅप ऐकते. त्यात शिव्या असतात आणि शिव्यांपलीकडचंही असतं. भावाने आधी आरडाओरडा केला, मग स्पीकर उचलला, मग हॉस्टेलचा अर्ज आणला. भावजयीचं म्हणणं, ओरडून पोरं ऐकत नाहीत, आपण आधी प्रत्येक गाणं ऐकू आणि कुठलं चालेल ते ठरवू. काही दिवस तिने ते केलंही. तिचं डोकं उठलं, पण तेव्हापासून कपडे वाळत घालताना ती जे गुणगुणते ते अंगाईगीत नक्कीच नाही. शेवटी नवरा-बायको माझ्याकडे आले, म्हणे ताई, आता तुम्हीच सांगा. न ऐकता काय सांगणार, कपाळ? मी भाचीला खाली बोलावलं आणि कापायच्या टेबलाशी बसून तिच्या फोनवर एक गाणं अख्खं ऐकलं.

ताल चांगला होता. गाणारा चिडलेला आहे आणि चिडण्याजोगं त्याच्याकडे पुष्कळ आहे, हेही कळलं. पण बायकांसाठी तो जो एक शब्द पुन्हापुन्हा वापरतो, तो माझ्या ओळखीचा निघाला. भाची म्हणाली, "आत्या, शब्दांकडे कोण लक्ष देतं?" मी देते. मला ते आवडलं नाही, आणि तसं मी तिला तोंडावर सांगितलं.

कलम ६. हे कलम भाचीसाठी. वडील गेल्यावर कारखाना मी चालवायला घेतला, ते पुष्कळांच्या डोळ्यांत खुपलं. कोणीतरी दुकानाच्या शटरवर तोच शब्द हातभर अक्षरांत रंगवला. तुझा बाप तेव्हा कॉलेजात होता. पहाटे दूध आणायला निघाला आणि त्याने ते पाहिलं. रॉकेलने घासून निघेना, तेव्हा शेजारच्या सुतारांकडून उरलेला हिरवा रंग मागून आणला आणि मी खाली उतरायच्या आत सगळं शटर रंगवून टाकलं. मी त्याला फाडफाड बोलले, कोणाला विचारून हा पोपटी उद्योग केलास म्हणून. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं काय ते सुतारांनी मला फार वर्षांनी सांगितलं. मीही त्याच्याशी त्याबद्दल कधी बोलले नाही. आम्ही बहीण-भाऊ एकाच माळेचे मणी.

तर तुझा बाप गाण्यावर ओरडतो तेव्हा त्याला काय ऐकू येतं, ते हे. तू काय ऐकावंस ते मी मेल्यावर ठरवणार नाही. एवढं ठाऊक असू दे.

कलम ७. अट. भाचीला तिच्या मर्जीविरुद्ध घराबाहेर धाडलं, तर वरच्या मजल्यातला भावाचा वाटा त्याला मिळणार नाही, तिला मिळेल. गाणी नको असतील तर का नकोत, हे बापाने स्वतःच्या तोंडाने सांगावं. आदळआपट म्हणजे सांगणं नव्हे.

पुरवणी. मेल्यावर कोण काय म्हणालं ते ऐकायला मी नसणार, म्हणून रविवारी सगळ्यांना खाली बसवून वरचा मजकूर मीच वाचून दाखवला. कलम सहा संपलं तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. भावजय डोळे पुसत होती.

मग पोरीने बापाला विचारलं, "बाबा, कुठला शब्द होता?"

त्याने तोंड उघडलं. रोज भिंतीपलीकडून ऐकलेला शब्द, पण लेकीसमोर तो त्याच्या तोंडून निघेना. दोनदा प्रयत्न केला. कान लाल झाले. ती थांबली होती. मग उठून त्याच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "राहू द्या बाबा. कळलं मला."

हॉस्टेलचा अर्ज त्याने तिथेच फाडला. सबब कलम सातमधली अट मी स्वतःच्या हाताने खोडली आहे. बाकी सर्व कायम.

स्थळ: कारखाना, कापायचं टेबल
तारीख: डॉक्टरांनी खाली घातली आहे

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार
१. शेजारचे सुतार. कलम सहा खरं असल्याचं त्यांनी वाचून सांगितलं. रंग उरलेला नव्हता, नवा डबा फोडला होता, एवढी दुरुस्ती त्यांच्या सांगण्यावरून.
२. डॉक्टर