दोन बोटं उघडी काच

४ जानेवारी, इंदूर

गेल्या वर्षी त्या सकाळी उडदाचं पीठ जरा सैल झालं होतं. मी तेलाचा हात लावून ते कुटत होते, आदल्या दिवशीचे पापड अजून डब्यात भरायचे होते आणि चुलीवरच्या दुधाकडे बघायला कोणी नव्हतं. यतीन गाडीत खोकी रचत होता. मध्येच आत येऊन त्याने मोडकं लाटणं मागितलं. पापडाचं, रेघांचं, मधोमध चिरलेलं. मी म्हटलं, चुलीत जाणार आहे ते. तो म्हणाला, चुलीआधी माझा नंबर. पायरीवर बसून त्याने एक तुकडा तासला, त्याची पाचर केली आणि गाडीच्या मागच्या काचेत बसवून पाहिली. मग चहा घेतला, डबा घेतला आणि निघाला. मी दूध उतरवलं. एवढीच ती सकाळ. इंदूरहून तो परत आला तो रुग्णवाहिकेतून.

तो होता तेव्हा त्याचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. वहीत घेते.

आज तीच गाडी मी चालवत आणली. शिरपूर सोडताना धुकं होतं. घाटात हात घामेजले आणि लाटून लाटून वाकडी झालेली माझी उजवी करंगळी स्टिअरिंगवर ठणकायला लागली, पण चढले. मानपूरला चहा घेतला. शेजारच्या ट्रकवाल्याने विचारलं, "दीदी, अकेली?" मी हो म्हटलं, तर त्याने माझ्या चहाचे पैसे देऊन टाकले. बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं. सियागंजच्या बाजारात शिरताना वाटलं, यतीन शेजारी बसला असता तर ब्रेक दाबायला त्याने पाय झाडला असता.

गाडी शामभियांच्या गोदामाच्या आवारात लावली आहे. शामभिया बाहेरगावचा माल इथल्या दुकानांना लावून देतात. मूळचे मराठीच, आजोबा गिरणीत होते. यतीनची गाडीही इथेच उभी असायची. लॉजची खोली घेतली तर पापडात काही उरत नाही, म्हणून तो गाडीत झोपायचा. मीही तेच करणार. मागची सीट काढलेली आहे, तिथे गादी मावते. पुढची सीट आणि गादी यांच्यामध्ये खोक्यांची भिंत. मागची दारं आतून उघडत नाहीत. मुलगी लहान असताना लावलेला खटका यतीनने कधी काढलाच नाही. मागची उजवी काच कायमची अडकलेली. म्हणून त्याचा नियम एकच होता, मागची डावी काच दोन बोटं उघडी. तिची फिरवायची मूठ तुटलेली आहे, त्यामुळे ती पाचरीवरच राहते. पाचर काढून बाहेरून दोन्ही तळव्यांनी रेटली तर ती वर जाते आणि रबरात अशी घट्ट बसते की आतल्याला हलवता येत नाही.

यतीन गाडीत मेलेला सापडला त्या सकाळी चारही काचा बंद होत्या. आत विझलेली कोळशाची शेगडी. लोक म्हणाले, थंडी होती, स्वतःच आत घेतली असणार. गाडी परत मिळाली तेव्हा पाचर तिच्यात नव्हती. मी नवी करून घेतली आहे.

शामभियांनी पोहे-जलेबी मागवली. म्हणाले, "भाभी, यतीनभियाची फाइव्ह स्टार आता तुमची. बिल मात्र आमच्या दोस्तीवर." माणूस बोलका आहे. उजव्या हातात नवग्रहाची जाडजूड अंगठी, बोलताना तीच जास्त बोलते.

५ जानेवारी

झोप चांगली लागली, पण उठताना डोकं जड होतं. डावी काच पूर्ण वर गेलेली. पाचर बाहेर जमिनीवर पडलेली. पुढच्या दाराने बाहेर पडायला खोकी हलवावी लागली. बाहेरून बघितलं तर दवाने धुरकटलेल्या काचेवर दोन तळवे उमटले होते, शेजारी शेजारी, वर रेटताना घसरलेले. एका पंजाची करंगळी नीट टेकलेली नव्हती.

आवारातल्या पोरांनी चेष्टा केली असेल. फडक्याने पुसून टाकलं.

दिवस छान गेला. दोन दुकानांनी मिऱ्याचे पापड ठेवून घेतले. संध्याकाळी रद्दीवाल्याकडे गेले. यतीन माझ्यासाठी इथूनच पुस्तकं आणायचा. चौथीनंतर जे काही शिकले ते त्या पुस्तकांतून. रद्दीवाल्याने ओळखलं नाही, पण नाव सांगितल्यावर एक पुस्तक हातात ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत.

६ जानेवारी

पुन्हा तेच. काच बंद, पाचर खाली, तळवे तसेच. या वेळी गाडीत वास होता. मी आधी कोळसा म्हणून घाबरले. पण कोळसा नव्हे, गोवऱ्यांचा धूर होता. चुलीपाशी आयुष्य गेलं, मला फरक कळतो.

आणि काचेवर आतून एक ओरखडा आहे. बारीक, लांब, वरून खाली आलेला. काल पुसताना नव्हता.

शामभियांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे भाभी, बंदर येतात इकडे. सियागंजचे बंदरसुद्धा धंदा करतात, काच खोलायचे वेगळे, बंद करायचे वेगळे." सगळे हसले. मीही हसले.

७ जानेवारी

काल गाडी इथे ठेवली नाही. बेटम्याच्या रस्त्यावर पेट्रोल पंप आहे, तिथे ट्रकांच्या रांगेत लावली. दिवे होते, पहारेकरी होता. सकाळी काच बंद. तळवे. ओरखड्याशेजारी दुसरा ओरखडा. पहारेकरी म्हणाला, गाडीजवळ कुत्रंसुद्धा गेलं नाही.

म्हणजे हे आवाराचं नाही, गाडीचं आहे.

मी घाबरले, हे लिहायला हरकत नाही. पण भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. मला वाटलं, यतीन आहे. काहीतरी दाखवतो आहे. मी रिकाम्या गादीकडे बघून पहिल्यांदा त्याचं नाव मोठ्याने घेतलं. काही झालं नाही.

९ जानेवारी

शामभियांच्या घरी जेवायला गेले होते. त्यांची बायको पूर्णिमा साधी आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, आमच्या यांनी किती केलं हो तुमच्या मिस्टरांसाठी, त्या रात्रीसुद्धा उशिरा घरी आले, हात कोळशाने काळे, मी विचारलं तर म्हणाले, यतीनभियाला थंडी लागत होती, शेगडी देऊन आलो. एवढा जीव होता यांचा.

मी घास चावत राहिले.

पोलिसांना शामभियांनी सांगितलं होतं की मी संध्याकाळीच घरी गेलो, शेगडी कुठून आली ठाऊक नाही. तो जबाब मी स्वतः वाचला आहे.

घाबरून खोटं बोलला असेल. शेगडी दिली असेल मायेने. असेल. पण काच?

१० जानेवारी

पाचर सापडली.

त्यांच्या ऑफिसचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून त्याखाली लाकूड सारलेलं आहे. आठवडाभर मी ते ओलांडून जात-येत होते. आज चप्पल अडकली म्हणून वाकले. रेघांचं लाटणं. एका टोकाला तव्याने भाजलेला डाग, तो माझ्याच हातून पडलेला.

मी विचारलं, हे कुठलं हो. ते म्हणाले, "पूर्णिमाचा जुना बेलन." पूर्णिमा पापड लाटत नाही. विकत घेते. माझ्याकडूनच.

त्याने ती काढली. काच वर रेटली. मग हातात राहिलेलं लाकूड चांगलं आहे म्हणून दाराला लावलं. वर्षभर रोज ते दार उघडलं, लावलं.

११ जानेवारी

बेटम्याला उदयसिंह नावाचे किराणावाले आहेत. त्यांना माल दाखवायला गेले. यतीनचं नाव ऐकून त्यांनी खुर्ची पुढे केली. म्हणाले, तुमच्या मिस्टरांशी आमचं पक्कं ठरलं होतं, संक्रांतीपासून थेट माल, मध्ये शाम नाही. बेटमा, धार, सगळी दुकानं. शामला कळलं तेव्हा तो इथे येऊन हसत बोलून गेला होता की गाडीत झोपणारा माणूस आता बंगला बांधणार.

एवढ्यासाठी.

मी त्यांना पाचरीचं सांगितलं. पोलिसात जावं का, विचारलं. उदयसिंहांनी तराजूतलं वजन काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, एका लाकडाच्या तुकड्यावर? मग विषय बदलावा म्हणून म्हणाले, संक्रांतीला शेतावर दाल-बाफले आहेत, या. शामलाही बोलावलं आहे. गावात राहायचं तर सगळ्यांना बोलवावं लागतं.

१२ जानेवारी

काच बंद. आतून आता ओरखडेच ओरखडे — मधोमध बोटांच्या रेघा, खाली ओढलेल्या. धुतल्या. जात नाहीत.

तुझ्या आहेत ना या. तू असाच ओढत होतास. मी तेव्हा घरी झोपले होते.

गादीवर बसून म्हटलं, होय. ऐकलं मी. करते.

१३ जानेवारी

काल संध्याकाळी दाराखालची पाचर काढली, माझी नवी तिथे सारली. कोणाला कळलं नाही.

जुनी काचेत बसवून झोपले. आज सकाळी काच उघडीच होती. दोन बोटं. तळवे नाहीत, वास नाही. मला वाटलं, तो समाधानी आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

शेत. विहिरीवरची मोटर चालू. लिहिते आहे, म्हणजे हात थरथरत नाहीत हे कळेल.

शामभियांनी आल्या आल्या तिळगूळ दिला. म्हणाले, "गोड बोला भाभी, वर्षभर." बाकीच्या बायकांचं हळदीकुंकू चाललं होतं, मी बाजूला होते, म्हणून माझ्याकडे आधी आले. मी घेतला. खाल्ला.

बाफले म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांत भाजलेले, तुपात बुडवलेले. आग्रह करकरून वाढले. मीही वाढले. बाफले खाल्ल्यावर माणूस उभा राहत नाही. पुरुष झोपडीपलीकडे सतरंजीवर आडवे झाले. वारा बोचरा. शामभिया म्हणाले, "आज यतीनभियाच्या फाइव्ह स्टारमध्ये झोपून बघतो. चलेगा ना?"

मी बोलावलं नाही. तो स्वतः चढला. मी दार लावलं. घोरायला लागला.

घमेल्यात निखारे भरले. पुढच्या दाराने खोक्यांवरून आत ठेवलं — दार लावलं —

पाचर काढली. दोन्ही तळवे काचेवर ठेवले. रेटली. चढायला जड आहे — पण चढते.

हात काढले आणि काचेवर बघितलं.

तेच तळवे. तसेच घसरलेले. उजवी करंगळी टेकलेली नाही.

पहिल्या सकाळपासून. माझे. आजचे.

आणि गोवऱ्यांचा वास. तोही आजचाच.

आतून अंगठी वाजली. एकदा. मग काचेवर ओढली गेली — ओरखडा जिथे होता तिथूनच — बरोबर तिथूनच —

म्हणजे यतीन, तू नव्हतासच. एकाही रात्री.

पाचर माझ्या हातात आहे. काच खाली ओढायला अजून —

मोटर चालू आहे. कोणाला ऐकू जात नाही. मी बसून आहे.

१५ जानेवारी, बेटमा

काल संध्याकाळी दार उघडलं गेलं. लोक म्हणाले, थंडी होती, स्वतःच घमेलं आत घेतलं असणार. उदयसिंह माझ्याकडे बघत राहिले. पूर्णिमाने माझ्या गळ्यात पडून विचारलं की आपल्या दोघींच्याच नशिबाला असं का. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आज सकाळी मी ठाण्यात गेले. मी झोपले होते, मला काही ठाऊक नाही, असं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. गाडी त्यांनी ठेवून घेतली. उरलेले पापड उदयसिंहांच्या दुकानात उतरवले. धर्मशाळेत वरची खोली घेतली. अंघोळ केली, लुगडं धुतलं, थोडं खाल्लं.

खोलीला एकच खिडकी, सरकत्या काचेची. दोन बोटं उघडी ठेवून मध्ये लाटण्याची पाचर अडकवली आणि लिहायला बसले.

आत्ता वर बघितलं. पाचर खाली पडली आहे. काच एक बोटच उघडी आहे. बाहेर गच्ची नाही, जिना नाही. काचेवर दोन तळवे आहेत, मोठे, आणि उजव्याच्या बोटात

वास येतो आहे. गोवऱ्यांचा नाही. कोळ