सासूबाईंनी पाठ केलेलं नाव

गुरुवार संध्याकाळ, कोलोन

सासूबाईंनी आज व्हिडिओ कॉलवर शेजारणीला सांगितलं, "आमच्या समीरने सुनेला जर्मनी दाखवली." समीर माझ्या शेजारी बसून खुशाल हसला! त्याचा व्हिसा माझ्या पगारावर झाला, माझ्या घराच्या करारावर. साहेब अजून जर्मनच्या क्लासलाच जातात.

लग्नात ताटातल्या तांदळात 'मीरा' लिहायला लावलं ते सासूबाईंनीच. का, तर "मंगल हे कामवालीचं नाव वाटतं." माझ्या अण्णांनी हौसेने ठेवलेलं. सहा वर्षांत एकदाही यांच्या तोंडी आलं नाही.

आता त्यांना इकडे यायचंय आणि हमीपत्र देणार मी, कारण कमावते मीच. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "आई, व्हिसावाले विचारतील, खर्च कोण करणार? मीरा म्हणालात तर घोळ होईल. पासपोर्टवरचं माझं माहेरचं नाव पाठ करा." खरं तर कागदावर ते असतंच. पण ते कशाला सांगू?

मग शेजारणीसमोरच, हळूच, "मंगल दत्तू गाडे."

दुष्टपणा झाला का? असेल.

मी म्हटलं, "आई, आवाज तुटतोय. परत म्हणा."