पान एकोणतीस

मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

अठरा मशीनपैकी अकरा चालू. पहिल्या तासाला सहावी ब आली. बावन्न मुलं, एका माऊसवर चौघं-पाचजण. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत युपीएसचं टीं-टीं. मुख्य मशीनच्या माथ्यावर दसऱ्याची हळद अजून तशीच आहे. पुसायला कुणी धजत नाही, मीही नाही. चौथ्या तासाला लाइट गेली आणि निम्म्या वर्गाची चित्रं गेली. सेव्ह करा म्हणून घसा कोरडा करायचा, आणि शेवटी मलाच विचारणार - मॅडम, आमचं घर कुठं गेलं?

मधल्या सुट्टीत हेडमास्तर माधव सरांनी बोलावलं. लायब्ररीच्या कालिंदी बाई अठ्ठावीस तारखेला रिटायर होतायत. त्याआधी लायब्ररीतलं प्रत्येक पुस्तक कॉम्प्युटरवर चढवायचं आणि रजिस्टरप्रमाणं कपाटात आहे की नाही ते ताडून बघायचं. "तू लायब्ररीचाच कोर्स करतीयस न्हवं? काम नीट झालं तर बाईंच्या जागेसाठी संस्थेकडं तुझं नाव घालतो," म्हणाले.

माझं नाव! बाहेर आले तर पाय जमिनीवर नव्हते. शिवाय कोर्सला जो प्रकल्प द्यायचा आहे तो हाच करता येईल. एका दगडात दोन पक्षी.

आईचा फोन. दिवस मावळायच्या आत जेवलीस का? घरचा नेमच तो, रात्री जेवायचं नाही. हो म्हटलं. खोटं बोलले. सातला खोलीवर पोचते मी, कुठला दिवस अन् कुठलं काय.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज दोन ऑफ तास मिळाले, लायब्ररीत गेले. कालिंदी बाईंनी आयुष्यभर दोनच गोष्टी केल्या - खोली झाडली आणि पुस्तकं दिली. एकतीस वर्षं! दाखल रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं. सगळे आकडे त्यांच्या हातचे. सातच्या शेपटाला एक बारीक गाठ मारतात. चार हजार पुस्तकांत एक गाठ चुकलेली नाही.

कोर्सच्या पुस्तकात 'गुप्त पान' वाचलं होतं, आज डोळ्यांनी पाहिलं. पुस्तक आलं की शिक्का आणि नंबर पहिल्या पानावर मारतात, आणि शिवाय आत कुठल्या तरी एका ठरलेल्या पानावर. ते पान फक्त ग्रंथपालाला ठाऊक. आपल्या शाळेचं पान एकोणतीस. एकोणतीसच का? तर बाईंचा दहावीचा हजेरी नंबर! हसल्या तेव्हा एकदम लहान दिसल्या.

म्हणाल्या, "पुस्तक लपवायचं असेल तर माणूस पहिलं पान फाडतो. मधलं नाही फाडत. गोष्ट तुटते ना."

मग मी उगीच माझंच पुराण सांगत बसले. आमचं गाव शिरोळकडचं. एकोणीस सालच्या ऑगस्टमधल्या पुरात नऊ दिवस छावणीत होतो, मी दहावीला. एका टेम्पोतून बिस्किटं, चादरी आल्या आणि एक पोतं पुस्तकं. मला जे मिळालं त्याला ना कव्हर, ना पहिलं पान. नाव काय, लिहिलंय कुणी, आजही माहीत नाही. नऊ दिवसांत तीनदा वाचलं. त्याआधी मी शाळेच्या पुस्तकाशिवाय काही वाचलेलं नव्हतं. लायब्ररीचा कोर्स घेतला तो त्याच्यामुळंच म्हणायचा. पण पूरग्रस्तांना लोक कशी रद्दी देतात बघा बाई, असंही वर म्हटलं.

बाई फडक्यानं कपाट पुसत होत्या. त्या थांबल्या. "मधली पानं होती ना गं सगळी?" एवढंच विचारलं.

तेवढ्यात घंटा झाली. सातवी अ माझ्या दाराशी दंगा करत होती. मी पळाले.

सोमवार, ९ फेब्रुवारी

२१४० नोंदी झाल्या. मान गेली कामातनं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सगळ्या नोंदी आज संपल्या आणि कपाटं ताडून झाली. शेवटचे दोन दिवस आकाराम मामा - आमचे शिपाई - शिडीवर चढून नंबर वाचत होते, मी खुणा करत होते.

त्रेसष्ट पुस्तकं नाहीत.

तीनदा बघितलं. एकदा वाटलं माझंच चुकलं, कुठंतरी एक ओळ सरकली असेल. नाही. रजिस्टरला आहेत, कपाटात नाहीत, कुणाच्या नावावर दिलेली नाहीत. यादी मशीनवर वर्गवार लावली तर गंमतच - त्रेसष्टच्या त्रेसष्ट एकाच कपाटातली. गोष्टींचं कपाट. आणि सगळ्यांची शेवटची देवघेव २०१९ च्या जुलैपर्यंतची. त्यानंतर एकही नाही! चोर मोठा रसिक दिसतो. कोशाला, चरित्राला हात नाही, फक्त गोष्टी.

हे प्रकल्पात कसलं भारी दिसेल.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

इथं तरी खरं लिहावं.

यादी आधी बाईंना दाखवायला हवी होती. कोर्समध्येही तसंच शिकवलंय - तफावत आली की पहिल्यांदा ग्रंथपालाला विचारायचं, मग वर कळवायचं. मला हे पाठ आहे. परीक्षेत आलं तर दहापैकी दहा मिळतील. तरी मी सकाळी पावणेआठला यादी सरळ माधव सरांना मेल केली. वर मथळा - 'गहाळ पुस्तके : ६३'. तो शब्द माझा. खाली माझं पूर्ण नाव, शिक्षणासकट.

का? तर सरांना दिसावं की काम कुणी केलं. दुसरं काही कारण नाही. बाई दहाला येतात, सर आठला. दोन तास दम निघाला नाही माझ्यानं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सरांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. मलाही. यादी छापून टेबलावर ठेवली होती.

बाईंनी चष्मा लावला आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. एकेका नावावर थांबून, गावाकडच्या माणसांची ख्यालीखुशाली विचारावी तशी. मला वाटलं आता काहीतरी सांगतील. बांधणीला गेली, वाळवी लागली, काहीही. त्यांनी कागद परत ठेवला.

"हरवली म्हणून लिहा," म्हणाल्या.

सर म्हणाले, अहो बाई, त्रेसष्ट पुस्तकं अशी कशी हरवतील? कुणाला दिली असतील तर सांगा, माणूस पाठवून आणवतो. संस्थेनं विचारलं तर मला सेवापुस्तकात शेरा मारावा लागंल. एकतीस वर्षांत तुमच्या पुस्तकाला एक डाग नाही, आणि आता शेवटच्या महिन्यात?

"मारा की," बाई म्हणाल्या. "तुमचा इलाज नाही."

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. रागानं नव्हे. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आकाराम मामा लॅबची कुलपं लावताना माझ्यावर उखडले. म्हणाले, "पोरी, तू मोजलंस ते ठीक हाय. पण बाईस्नी इचारायचं तरी हुतंस. ती बाई चोर न्हाय."

मी म्हटलं, चोर कोण म्हणतंय? पण दिली असतील कुणाला तर नाव का सांगत नाहीत?

मग मामांनी डिक्शनरीची गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी बाईंनी दहावीच्या एका मुलीला डिक्शनरी दिली, नोंद न करता. तिच्या घरी एकही पुस्तक नव्हतं म्हणून. तपासणीत ते निघालं. बाईंनी खरं नाव सांगितलं. संस्थेनं मामांनाच तिच्या घरी पाठवलं. तोवर तिचं लग्न ठरलेलं, घरात पावणं बसलेलं. त्यांच्यासमोर मामांनी शाळेची डिक्शनरी मागितली. पोरगी मान खाली घालून आत गेली, डिक्शनरी आणून दिली.

"तवापासनं बाई कुणाचं नाव सांगत न्हाईत," मामा म्हणाले. "आन् मीबी तसलं काम करत न्हाय."

म्हणजे कुणाला तरी दिलीत. त्रेसष्ट! कुणाला?

मंगळवार, १७ फेब्रुवारी

बाई माझ्याशी पहिल्यासारखंच बोलतात. आज डब्यातलं निम्मं उपीट मला दिलं. हे सहन होत नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. पेठेत सकाळपासून ढोल, खिडकीची काच थरथरतीय. प्रकल्प लिहायला बसले. 'निष्कर्ष' असं लिहिलं आणि पुढं दोन तास एक ओळ सुचली नाही.

त्रेसष्ट पुस्तकं न्यायला किमान एक पोतं लागेल. किंवा दोन. हा विचार डोक्यात आला आणि ढोलाबरोबर गेलाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

आज धीर करून बाईंना म्हटलं, माझं चुकलं. यादी तुम्हाला आधी दाखवायला हवी होती.

बाई एका जुन्या पुस्तकाला डिंक लावत होत्या. म्हणाल्या, मोजायला सांगितलं, तू बरोबर मोजलंस. मोजणीत चूक नाही. मग म्हणाल्या, "आता ही खोली तुझ्याकडं यावी असं मला वाटतं. मी सरांना तसं सांगितलंय."

मी लॅबमध्ये येऊन सात नंबरच्या मशीनमागं बसून रडले. सहावी ब चित्र काढत होती. एकीनं विचारलं, मॅडम, माऊस बिघडला का? हो म्हटलं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

निरोप समारंभ. शाल, नारळ, चाफ्याचा हार. माधव सर चांगलं बोलले, एकतीस वर्षांची निष्कलंक सेवा वगैरे. निष्कलंक! तासाभरापूर्वी ऑफिसात शेरा लिहिताना मी पाहिला - 'ग्रंथपालांच्या कारकिर्दीत ६३ पुस्तके गहाळ. समाधानकारक खुलासा नाही.' पुराव्याला माझी यादी जोडलीय. सरांनीही दोनदा पेन खाली ठेवलं, पण लिहिलं.

बाई चारच वाक्यं बोलल्या. शेवटी लायब्ररीची किल्ली सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. जागेचं पत्र यायचंय अजून, तोवर खोली कुणीतरी उघडायला हवी, एवढंच त्याचं कारण. पण टाळ्या वाजल्या. मला ती किल्ली हातात धरवेना.

गेटपर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. त्यांना काहीतरी विचारायचं होतं असं वाटलं. रिक्षा सुटली.

उद्या घरी जाते. आईच्या हातचं, उजेडात बसून जेवते.

रविवार, १ मार्च

पुरापासून आमच्या घरी पुस्तकं खाली ठेवत नाहीत. माळ्यावर चढले आणि पत्र्याच्या पेटीतून ते काढलं, बिनकव्हराचं, बिननावाचं. कशाला काढलं ते सांगता येत नाही. पोतं डोक्यातून जात नव्हतं.

पान एकोणतीस उघडलं. कोपऱ्यात आमच्या शाळेचा शिक्का. त्याखाली ४१८७. सातच्या शेपटाला गाठ.

माझ्या यादीत एकेचाळिसावी ओळ - ४१८७, 'खाडीकडची शाळा', गहाळ. त्याचं नाव मी स्वतः टाइप केलं होतं आणि मला माहीत नव्हतं.

आणि बाईंना पाच तारखेपासून माहीत होतं की त्यातलं एक माझ्याकडं आहे.

उद्या आठला हे सरांच्या टेबलावर ठेवणार, शेरा बदला म्हणणार. जागा गेली तर गेली. बाकीची बासष्ट कुणाकडं आहेत ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं.

मधली पानं आहेत, बाई. सगळी आहेत.