फेकलेल्या नळ्या

७ नोव्हें. ८९, मंगळ.
सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या प्राध्यापक काळ्यांनी लेखाची टाइप केलेली प्रत पाठवली. दुसरं नाव माझं, गणित विभागाचं. क्षयाच्या जंतूचा डीएनए नळीत वाढवायचा. तापवलं की दोन पदर सुटे, निववलं की प्रत्येकाला नवा जोडीदार. दर फेरीत दुप्पट. माझं गणित एवढंच, की दुप्पट होतंच असं नाही. एखादा रेणू एखाद्या फेरीत नुसता बसून राहतो. त्या बसून राहण्याच्या शक्यतेला मी एक अक्षर दिलं होतं. वर्ष गेलं त्यात. प्रतीतल्या समीकरणात ते अक्षरच नाही!
विचारलं, तर काळे सगळ्यांसमोर, "गुरुजी, शंभर टक्के वाढून राहिलं ना? मग त्या अक्षराले काय उदबत्ती ओवाळू?" शिपाईसुद्धा हसला.

८, बुध.
जपात मन नाही. माळ दोनदा पहिल्यापासून धरली. शंभर टक्के कसं? यंत्रही नाही. पाण्याची तीन गरम भांडी, आणि काळ्यांची पीएचडीची विद्यार्थिनी विभा घड्याळ बघत नळ्या इकडून तिकडे बुडवते. वीज गेली की स्टोव्हवरची किटली. आणि म्हणे शंभर टक्के.

१०, शुक्र.
दुपारभर त्यांच्या प्रयोगशाळेत बसलो. ज्या नळीतून डीएनएचा पट्टा उमटला नाही ती विभानं उचलली आणि बादलीत टाकली.
"हे काय?"
"फेल झाली सर. फेल झालेलं लिहीत नाही आम्ही. काळे सर म्हणतात, आपला गबाळेपणा कागदावर कायले चढवायचा?"
"आजवर किती फेकल्या?"
"कोन मोजते, सर."
नळीत मुळात दोन-चार रेणू जातात. कुठे एकही जात नाही, कुठे गेलेला सुरुवातीलाच बसून राहतो. नमुन्यात जंतू किती, हे रिकाम्या नळ्यांवरूनच तर निघायचं. नापास पोरं पटावरून काढायची आणि शाळेचा निकाल शंभर टक्के!

१२, रवि.
ही म्हणाली, "त्या काळ्याचा राग भाजीवर काढू नका. मीठ बरोबर हाय." सगळं सांगितलं. मी अडून बसलो तर विभाच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडतं. हा लेख म्हणजेच ते प्रकरण, आणि शिष्यवृत्ती मार्चला संपते.
"मंग तिले इचारलं का? तुमी दोघं बाप्ये भांडून राहिले, अन् जाईल तिचं."
नव्हतं विचारलं.

१३, सोम.
काळ्यांच्या खोलीत. म्हटलं, नमुने रामदासपेठेतल्या दवाखान्यातून येतात, माणसांचे आहेत. तुमचा लेख वाचून कुणी डॉक्टर रिकामी नळी बघेल, 'क्षय नाही' म्हणेल आणि खोकणाऱ्याला घरी पाठवील. एकेका नमुन्याच्या दहा नळ्या लावा. रिकाम्याही लिहा.
"अन् डीएनए वाढवणारं एन्झाइम? ते काय बर्डीच्या बाजारात किलोनं मिळते? विलायतेहून यायले सहा-सहा महिने लागून राहिले." मग हळूच, "खेड्याच्या शाळेत छड्या लय खाल्ल्या वाटते, गुरुजी. म्हणून जिकडेतिकडे चूकच दिसते तुमाले."
खोटारडा म्हणालो. तोंडावर. तसाच जिना उतरून घरी आलो. देवापुढे बसलो, पण क्षमा मागितली नाही. मागवेना.

१६, गुरु.
माझं नाव काढा, असं लिहून ठेवलंय. दिलं नाही. नाव काढलं तरी लेख तसाच छापून येणार. मी तेवढा स्वच्छ, आणि दवाखान्यात...
याचा संताप जास्त आहे.

१८, शनि.
रिकाम्या नळ्यांचं सगळं विभाला सांगितलं. ऐकून घेतलं, मग उसळलीच. "हे आता सांगून राहिले, सर? वर्षभर माह्ये हात पोळले. तुमी एक डाव तरी येऊन पाहिलं का?"
त्या शुक्रवारपर्यंत नव्हतो गेलो. आकडे माझ्या टेबलावर यायचे, मी तेच खरे धरायचो.
तिचा आवाज उतरला. "एन्झाइम थोडंच उरलं हाय. त्यात माह्या प्रकरणातला शेवटचा तक्ता पुरा होईल, नाहीतर तुमच्या दहा-दहा नळ्या होतील. दोन्ही नाही होत."
"मी सांगणार नाही काय कर ते."
"सांगूही नका," म्हणाली.

२०, सोम.
काळे दिल्लीला. उद्या परत येतात. अकराला खाली गेलो. तिन्ही भांड्यांतून वाफ. विभानं मागं वळून पाहिलं नाही.
"दार लावा सर, पाणी निवून राहिलं."
"कोणत्या लावल्या? तक्त्याच्या, की दहा-दहा?"
"होऊ तर द्या."
दार लावून घेतलं. बाहेर गेलो नाही. भिंतीशी स्टुलावर बसून राहिलो.