आतडं कामाला लागलं

भातसानगर,
दि. १४ नोव्हेंबर १९९८

प्रिय भीमाबाय,

सप्रेम जय भीम. आमी सगळी खुशाल. डोळखांबला कापणी उरकली असेल. दाजींचा गुडघा कसा आहे?

मला इस्पितळातून घरी सोडून आठ दिवस झाले. सगळ्यांना "पोटाचं किरकोळ" सांगत होतो. किरकोळ नव्हतं गो. यकृतात गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी जवळपास निम्मं यकृत काढलं. उरलेलं परत वाढतं म्हणे. "मग डोक्यावरचे केस का नाय वाढत?" विचारलं, तर नर्सबाई खूप हसल्या.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मात्र हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टर म्हणाले, "यकृत कापल्यावर आतड्याचं अस्तर कमजोर पडतं. आतले जंतू रक्तात शिरू शकतात. औषध चालू आहे, पण आतडं रिकामं ठेवू नका. थोडं थोडं खाऊन त्याला कामाला लावा."

घास पाहिला की मळमळायचं. तुझी भावजय रत्नप्रभा रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी तिने एक डबा उघडला. नाचणीची पातळ आंबील, आणि वर चिठ्ठी: "म्हादू दोन दोन चमचे पी. टाकू नको. तुजी बाय."

"कोणाकडून लिहून घेतली?" मी विचारलं.

"बायनी स्वतः लिहिली. मीच निरोप धाडला होता. डबा देऊन इस्पितळाच्या फाटकावरूनच गेल्या. वर येत नाय म्हणाल्या."

डॉक्टरांना विचारून दोन चमचे प्यालो. मग आणखी दोन. पोटात राहिलं! संध्याकाळी पोट असं गुरगुरलं की शेजारचा पेशंट दचकला. दोन दिवसांत ताप उतरला. डॉक्टर म्हणतात, औषधाचा गुण. म्हणू दे.

आता खरं लिहितो. चार वर्षांपूर्वी साक्षरता वर्गात तू फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलंस, वेलांटी चुकली, आणि मी सगळ्यांदेखत हसलो. "या वयात बॅरिस्टर होतेस काय?" म्हणालो. तू खडू ठेवलास आणि पुन्हा माझ्या दारी आली नाहीस. का येत नाहीस, ते मला माहीत होतं. तरी एकदाही तुझ्याकडे आलो नाय. चुकलो, बाय.

हे पत्र कोणाला वाचायला देऊ नको, तूच वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला की पाड्यावर येतो. हसलो चारचौघांत, माफीही तिथेच मागेन.

तुझा, शिकायला उशीर केलेला धाकटा भाऊ,
महादू