हाकेनंतरची शांतता

१२ जानेवारी, पिंपरी पेंढार
सुयशच्या फिल्मसाठी आवाज गोळा करतोय. बिबट्या पडद्यावर दिसणारच नाही, नुसता आवाजातून जाणवायला हवा, असं डायरेक्टर साहेबांचं म्हणणं. सकाळी उसाकडे माइक रोखून बसलो. शेजारच्या रानात आणे गावच्या हिराबाईंची मेंढरं बसलेली. त्यांचा काळ्या नावाचा कुत्रा पहाटे बिबट्यानं ओढून नेला. बाई बांधावरून हाका मारत होत्या. रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. अशी हाक कुठल्या नटीला जमणार नाही.

१३ जाने.
काल सगळं लिहिलं नाही. तिसऱ्या हाकेनंतर हेडफोनमध्ये उसातून बारीक कण्हणं आलं. बाईंना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. उठून सांगायचं, तर श्वास रोखून टेक पुरा केला. त्या उलट्या दिशेनं शोधायला गेल्या. तरी मी गप्प. दुपारी ऊसतोडीवाल्यांना काळ्या सापडला. मेलेला. अंग अजून गरम होतं म्हणे.

९ फेब्रु., मंचर
मिक्सिंग. हाकेमागचं कण्हणं कापलं. उत्तर आलं की बघणारा सुटतो, नाही आलं की अडकून राहतो. पाखरांचा आवाजही बंद केला. सुयश म्हणाला, ही शांतता म्हणजेच आपला बिबट्या. पाठ थोपटली. मला वर बघवेना.

२ मार्च, पिंपळवंडी
गावात फिल्म दाखवली. सुयशनं हिराबाईंनाही बोलावलेलं. हाक, मग शांतता. संपल्यावर बाईंनी मला दारात गाठलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"माझाच आवाज व्हता नव्हं, भाऊ?"
हो म्हणालो. विचारलं नाही, चुकलं, असंही काहीतरी पुटपुटलो.
"आसू द्या. लई हाका मारल्या त्या दिशी. त्याला ऐकू गेल्या आस्तील का?"
माहीत नाही, म्हणालो.
माहीत नाही!

५ मार्च, आणे
मूळ रेकॉर्डिंग घेऊन सकाळीच हिराबाईंच्या घरी आलो. सगळं सांगितलं. कण्हणं, माझं गप्प बसणं, नंतर कापणं. हेडफोन पुढे केला. त्यांनी हात पदराला पुसले, पण घेतला नाही.
"म्हंजी जित्ता व्हता तवा."
मी मान हलवली. मग, बसा, मेंढरांना पाणी दावून येते, म्हणून गेल्या.
ओट्यावर बसून हे लिहितोय. तास होऊन गेला. उठून जावं तर पुन्हा गप्प राहून पळाल्यासारखं होईल, म्हणून बसलोय.